कोण पाहिजे?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो पडतो. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचा. वरून घेतलेला असल्यामुळे त्यात माणसाचा चेहरा कमी आणि टाळू जास्त दिसते. खाली मजकूर असतो, ‘सदर इसम बी विंगमध्ये फिरताना आढळला. कोणाच्या ओळखीचा आहे का? संशयास्पद वाटतो.’ मग अर्धा तास सगळी सोसायटी गुप्तहेर खात्यात भरती होते. कुणी म्हणतं, पिशवी बघा त्याची. कुणी म्हणतं, मला वाटतं परवाही होता. सेक्रेटरी वॉचमनला झापल्याचं जाहीर करतात. आणि शेवटी चौथ्या मजल्यावरचं कुणीतरी दुपारच्या झोपेतून उठून लिहितं, ‘अहो, तो आमच्याकडे मच्छरजाळी बसवायला आला होता.’ त्यावर दोन-चार हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय मिटतो. ज्याचा फोटो दीडशे घरांत फिरला, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो तोवर दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीच्या लिफ्टमध्ये असतो.

हे फोटो मी आता जरा निराळ्या कारणासाठी बघते. त्यातल्या कुणाच्याही अंगावर कधी इस्त्रीचा शर्ट नसतो. गळ्यात कार्ड अडकवलेला, हातात टॅब घेतलेला, ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणणारा माणूस आमच्या ग्रुपवर आजवर संशयित ठरलेला नाही. ठरतो तो मळकी पिशवीवाला, मराठी न येणारा, किंवा जिन्यात दम खायला टेकलेला. आणि आमच्या आसपास ज्या घरांतून खरोखरच काही गेलं, तिथे बेल वाजवणारे सगळे पहिल्या प्रकारचे होते. चांगल्या बोलण्याचे, चांगल्या कपड्यांतले.

संशय घेऊ नये असं मी म्हणत नाही. एकटीने राहणाऱ्या म्हाताऱ्या आईची मुलगी असं म्हणूच शकत नाही. प्रश्न एवढाच की तो नेमका कशाचा घ्यायचा.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. तिथे दार दिवसभर उघडं असायचं, हे सगळेच आपापल्या आजोळाबद्दल सांगतात आणि ते खरंही असतं. पण ते दार सरसकट सगळ्यांना उघडं होतं असं नाही. अंगणात कुणीही यावं. ओसरीवर बसायला विचारावं लागे. पडवीपर्यंत येणारे ठरलेले होते, आणि माजघराचा उंबरा तर घरच्यांशिवाय फार थोड्यांनी ओलांडलेला. भल्या पहाटे कंदील घेऊन पिंगळा यायचा, उजाडल्यावर मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, सुगीच्या दिवसांत नंदीबैलवाला, कडाडत आसूड ओढत पोतराज. सगळे अनोळखी. त्यांची नावं आजीला माहीत नसत, पण त्यांचं येणं माहीत असे. कोण कोणत्या महिन्यात येतो, काय मागतो, किती देऊन जायला सांगायचं. सुपातून धान्य निघे ते अंगणात जाई आणि माणूस अंगणातूनच परत फिरे. आजीला दुर्बिणीचं भोक आणि साखळी लागली नाही, कारण तिच्या घराला चार दारं होती आणि त्यातली तीन दिसत नव्हती.

(आता हेही सांगायला हवं की त्या चार दारांत निव्वळ सावधपणा नव्हता. कोण ओसरीपर्यंत आणि कोण अंगणापर्यंत, हे बरंचसं जातीवरून ठरायचं. आजीच्या सुपाचं कौतुक करताना मला ते विसरता येत नाही.)

या सगळ्यांत मुलांचा लाडका बहुरूपी. तो हटकून पोलिसाच्या वेशात येई. खाकी कपडे, कमरेला पट्टा, कुठूनशी मिळवलेली शिट्टी. दारात उभा राहून खणखणीत आवाजात घरमालकाच्या नावाने वॉरंट वाचून दाखवी. गुन्हे भलतेच असत: म्हशीच्या बारशाला आला नाहीत, सासूला नमस्कार करताना हसलात, चला ठाण्यावर! आम्ही पोरं खांबाआड. मामा खोटंखोटं गयावया करी. मग रुपया-आठ आणे, भाकरी, आणि पोलीस हसत पुढच्या घरी. तोतया पोलीस ही गोष्ट आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची करमणूक होती. कारण वेश खोटा आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं.

पुण्यात मात्र माझ्या वयाच्या कुणालाही दारावरच्या अनोळखी माणसाबद्दल विचारा, बोलणं १९७६ वर येऊन थांबतं. मी तेव्हा अगदी लहान होते, पहिली-दुसरीत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरात आई, वडील आणि मुलगा अशा तिघांचा खून झाला. महिनाभराने, १ डिसेंबरला, भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचा. त्यात ८८ वर्षांचे संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांच्या पत्नी होत्या, दोन तरुण नातवंडं होती आणि घरात कामाला असलेल्या बाई होत्या. दार फोडून कुणी आत शिरलं नव्हतं. अभ्यंकरांकडे बेल वाजली आणि नातवाने दार उघडलं.

त्या हिवाळ्यातलं मला आठवतं ते म्हणजे संध्याकाळची शांतता. दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. वडिलांनी दाराला साखळी बसवून घेतली आणि आईने आम्हाला शिकवलं, बेल वाजली की आधी ‘कोण पाहिजे?’ विचारायचं, दार नंतर. पुणेरी माणूस दारात ‘या’ म्हणायच्या आधी ‘कोण पाहिजे?’ विचारतो म्हणून जी थट्टा होते, ती त्या वर्षाच्या आधीपासूनची असणार. पण आमच्या घरात हा प्रश्न त्या वर्षी आला. मोठी माणसं दबक्या आवाजात तर्क करत. बाहेरगावची टोळी आहे. परप्रांतातले आहेत. भिकाऱ्याच्या वेशात घरं हेरून जातात. दुपारी भाकरी मागायला येणाऱ्या बाईला आमच्या वाड्याने त्या दिवसांत दारातूनच हाकललं होतं, हे मला स्पष्ट आठवतं.

मार्च १९७७ मध्ये मारेकरी पकडले गेले. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. शहरातलीच मुलं. त्यांनी केलेल्या दहा खुनांतला पहिला त्यांच्याच कॉलेजातल्या एका मुलाचा होता आणि शेवटचा एका कॉलेजमित्राच्या भावाचा. म्हणजे सगळं शहर ज्या काळात भिकारी, फिरस्ते आणि परगावचे लोक यांच्यावर डोळा ठेवून होतं, त्या काळात ही मुलं टिळक रस्त्यावर चहा पीत बसलेली असणार आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघितलं नसणार. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. तोवर मी मोठी झाले होते. आमच्या दाराची साखळी तशीच होती. पण ती कुणासाठी लावायची, याबद्दलच्या आमच्या कल्पनाही तशाच होत्या, आणि याचं मला आज जास्त आश्चर्य वाटतं.

खुनी बेल क्वचित वाजवतात. रोज वाजवतात ते ठग. आणि ठगांच्या कारागिरीबद्दल मला थोडं कुतूहल आहे, कारण ती बारकाईने बघितल्याशिवाय ओळखू येत नाही.

दागिने पॉलिश करून देणाऱ्या जोडीचं उदाहरण घ्या. ही जोडी दागिने कधीच आधी मागत नाही. एखाद्या पावडरचा प्रचार करायला आलोय, फुकट आहे, घरातलं एखादं काळं पडलेलं तांब्या-पितळेचं भांडं द्या, म्हणते. देवघरातलं निरांजन बाहेर येतं, लखलखीत होऊन आत जातं. मग चांदीचा छल्ला. तोही चमकतो. इथवर येईपर्यंत बाई दारातून खुर्चीवर आलेली असते आणि माणूस पायपुसण्यावरून सतरंजीवर. मग बांगड्या. सोनं कुठल्याही साध्या आम्लात विरघळत नाही, पण नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात विरघळतं. त्याला आम्लराज म्हणतात. त्या पाण्यात बांगडी बुडवून काढली की ती चमकते, पण तिचं वजन कमी झालेलं असतं, आणि कमी झालेलं सोनं त्यांच्या भांड्यात उरतं. धीट जोडी याहून पुढे जाते. दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर बंद करते आणि सांगते, ‘गॅसवर ठेवा, वीस मिनिटं झाकण उघडू नका, नाहीतर पॉलिश धरणार नाही.’ वीस मिनिटांनी झाकण उघडतं तेव्हा आत हळद असते.

आमच्या शेजारच्या इमारतीत हेच झालं. त्या बाई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. पोलिसांना त्या म्हणाल्या, ‘मुलं इतकी चांगल्या घरची वाटत होती.’ हे वाक्य मी निदान चार वेगवेगळ्या प्रकरणांत चार वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे.

पाण्याच्या फिल्टरवाल्याचं तंत्र थोडं शास्त्रीय. हा चोर नव्हे, विक्रेता, पण घाबरवण्याची पद्धत तीच. ‘पालिकेच्या वतीने पाणी तपासतोय’ असं पुटपुटतो, म्हणजे नंतर ‘मी तसं म्हटलंच नाही’ असं म्हणता यावं. दोन पेले ठेवतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. त्यात धातूच्या दांड्या असलेलं यंत्र बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमचा पेला तपकिरी, गढूळ, बघवत नाही असा. त्याचा मात्र स्वच्छ. ‘हे तुम्ही नातवंडांना पाजता.’ वास्तविक तो गाळ त्याच्या लोखंडी दांडीचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि दांडी झिजते. त्याच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले, म्हणून वीज वाहत नाही आणि काही होत नाही. आमच्या दारात हा खेळ झाला तेव्हा मी आतून चिमूटभर मीठ आणून त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकलं आणि म्हटलं, ‘आता परत लावा.’ पेला तपकिरी झाला. तो तरुण मुलगा खजील झाला असावा. ‘मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात,’ म्हणाला. माझा त्याच्यावर राग नव्हता. त्याच्या वरच्यावर होता.

तोतया पोलिसांकडे मात्र गंमत उरलेली नाही. सकाळी फिरायला किंवा देवळात निघालेल्या आजींना दोघं मोटारसायकलवरून गाठतात. ‘पुढे खून झालाय, बंदोबस्त आहे, एवढं अंगावर घालून कुठे चाललात? काढा, रुमालात बांधून देतो.’ गाठोडं मिळतं, त्यात खडे असतात. हल्ली हेच पोलीस घरात न येताच घरात येतात, फोनच्या पडद्यावर, मागे खोटं ठाणं मांडून, आणि ‘डिजिटल अटक’ करतात. कायद्यात असा प्रकारच नाही. उलट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही वयाच्या बाईला आणि साठ वर्षांवरच्या पुरुषाला चौकशीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, ते राहतात तिथे जाऊन विचारावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. आईच्या फ्रिजवर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे. शेजारी ११२ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दोन नंबर. तिने त्याच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब लिहिला आहे.

या सगळ्या मंडळींत समान काय, तर वेश नाही, भाषा नाही, गरिबी नाही. मागणी समान आहे. आत यायचंय. घाई आहे. काहीतरी अंगावरून काढा, हातात द्या किंवा दाखवा. आणि मध्ये कुणाला विचारू नका. एवढं एक जरी दिसलं तरी समोर साक्षात कलेक्टर उभा असला तरी साखळी काढू नये. आणि यातलं काहीच नसेल, तर समोरच्याची पिशवी कितीही मळकी असो, त्याचा फोटो काढायचं कारण नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते त्याचं कारण राईनपाडा आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं तिथे आली होती. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. म्हणजे माझ्या आजीच्या अंगणात ज्यांना सुपातून धान्य मिळालं असतं तशी. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत सगळीकडे फिरत होत्या. देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीतून कापून काढलेली होती. मूळ फितीत पळवलेलं मूल परत आणून सोडतात आणि काळजी घ्या असा फलक दाखवतात, तो भाग काढून टाकलेला. राईनपाड्यात या माणसांना बाजारात धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारलं. पाच जण मेले. ज्या कार्यालयात गावाने खातरजमा करायची, तिथेच. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

मग १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले. टाळेबंदीत आडरस्त्याने सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. चोर, मुलं पळवणारे अशा अफवा आधीपासून होत्याच. जमावाने तिघांनाही मारून टाकलं, पोलिसांच्या देखत. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. पंढरपूरला निघालेले होते. ते वाचले.

डवरी, बहुरूपी, नंदीबैलवाले यांच्यावरचा संशय हा व्हॉट्सॲपने जन्माला घातलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. फिरणं हाच गुन्ह्याचा पुरावा. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती, हजेरी लागायची. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, त्या कायद्यातून जमाती मुक्त झाल्या; म्हणून विमुक्त. सगळ्या भटक्या जमाती त्या यादीत नव्हत्या. पण गावच्या पाटलापासून शहरातल्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच यादी झाली, आणि ती कुणी रद्द केलेली नाही. मागच्या दिवाळीत आमच्या गेटवर एक नंदीबैलवाला आला, त्याने गळ्यात आधार कार्ड अडकवलं होतं. प्लॅस्टिकमध्ये घालून, दोऱ्याने, सगळ्यांना दिसेल असं. वॉचमनने तरीही त्याला आत सोडलं नाही. तो निमूटपणे पुढे गेला. बैलाने मान हलवायची ती हलवलीच.

राईनपाड्याच्या सुमारासच मालेगावात असाच जमाव एका कुटुंबामागे लागला होता. त्यांच्याबरोबर लहान मूल होतं, आणि ‘मूल पळवून नेतायत’ अशी हाकाटी झाली. तिथल्या एका स्थानिक माणसाने त्यांना ओढून स्वतःच्या घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर शेकड्यांनी लोक. पोलीस येईपर्यंत त्याने दार उघडलं नाही. दारावर आलेल्या संशयित अनोळखी माणसांशी कसं वागावं, याचा विचार करताना मला नेहमी हा माणूस आठवतो. त्याच्याकडे खातरजमा करायला वेळ नव्हता. त्याने काय बघितलं असेल? पाच माणसं आणि हजारभर माणसं, यांतले कोण आत्ता काय मागत आहेत, बहुधा एवढंच.

आमच्या ग्रुपवर मी एकदा सुचवलं की फोटो टाकण्याआधी त्या माणसालाच विचारावं, कुणाकडे आलात. एकीने लिहिलं, ‘आणि त्याने चाकू काढला तर?’ प्रश्न रास्त आहे. सेफ्टी डोअरच्या आतून विचारा, मी लिहिलं. जिन्यात असाल तर वॉचमनला फोन करून त्याला विचारायला सांगा. यावर सेक्रेटरींनी गेटवरच्या रजिस्टरचा मुद्दा काढला. ते रजिस्टर मी पाहिलं आहे. त्यात नऊ आकडी मोबाइल नंबर आहेत, ‘भेटणार कोणाला’ या रकान्यात ‘हो’ लिहिलेलं आहे, आणि एका पानावर कुणीतरी नाव ‘शिवाजीराव’ आणि कारण ‘स्वारी’ असं लिहून गेलं आहे. हल्ली गेटवरचं ॲप आलं. त्याने एवढं झालं की जेवणाचं पार्सल आणणाऱ्या पोराचा फोटो आणि वेळ आमच्या फोनवर येते, आणि सोन्याचं पॉलिश करणारे मात्र ‘ए-४०२, पाहुणे’ म्हणून आत येतात, कारण ए-४०२ ने झोपेत हिरवं बटण दाबलेलं असतं.

आईची पद्धत जुनी आहे आणि मला अजून तिच्यात खोट काढता आलेली नाही. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या चपला दाराबाहेरच्या रॅकमध्ये आहेत आणि ती त्यांना पॉलिशही करते. बेल वाजली की आधी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणते, ‘अहो, थांबा, मी बघते!’ मग दुर्बीण. मग आतलं दार, साखळी लावून. मग ‘कोण पाहिजे?’ वीज मंडळाचा माणूस म्हणाला मीटर बघायचाय, तर, ‘मीटर खाली जिन्यापाशी आहे, बघा की.’ कुरिअर असेल तर, ‘खाली ठेवा, मी घेते.’ सर्व्हेवाल्यांना, ‘बसा तिथे, तिथूनच विचारा,’ आणि बाहेर एक स्टूल कायम ठेवलेलं. त्या स्टुलावर बसून करोनात आशाताईंनी तिचा ऑक्सिजन मोजला, निवडणुकीच्या याद्यांवाले गुरुजी बसून गेले, आणि एकदा एक दमलेला कुरिअरवाला पाणी पिऊन चांगला पाऊण तास बसला. आई आत, तो बाहेर, मध्ये जाळी. त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी कुठवर आली आहेत हे मला आईकडून कळलं.

मागच्या महिन्यात गॅसवाला आला. गॅस एजन्सीकडून तपासणी, शेगडी आणि नळी बघायची आहे. अशी तपासणी खरोखरच असते, आणि तिच्या नावाखाली ‘तुमची नळी धोकादायक झालीय’ म्हणून बाजारातली साधी नळी दुप्पट पैशात गळ्यात मारणारेही असतात. आईने ओळखपत्र मागितलं. त्याने गाडीत राहिलं म्हणून सांगितलं. ‘मग घेऊन या.’ गाडी लांब लावली होती. ‘मग एजन्सीत फोन लावते, थांबा.’ नंबर त्याच्याकडून न घेता गॅसच्या पुस्तकावरून घेतला. दोनदा एंगेज लागला. तो म्हणाला, ‘आजी, पाच मिनिटांचं काम आहे, मला अजून पुष्कळ घरं करायचीत.’ आईने दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी एजन्सीला फोन केला. माणूस त्यांचाच होता. मी आईला सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती.

‘मग येईल की परत,’ म्हणाली. ‘खऱ्याला यावंच लागतं.’

तिसऱ्या दिवशी तो आला. बेल वाजवायच्या आधीच ओळखपत्र दुर्बिणीसमोर धरून उभा होता. आईने ते नीट वाचलं, चष्मा लावून, दोन्ही बाजूंनी. मग साखळी काढली. त्याने नळीवरची तारीख बघितली, साबणाचा फेस लावून सांध्यातून बुडबुडे येतात का ते बघितलं, गळती झाली तर १९०६ लावायचा म्हणून सांगितलं, पावती फाडली. आईने चहाला विचारलं. तो म्हणाला, ‘नको आजी, तुमच्यासारखी अजून सहा घरं राहिलीत माझी, परत बोलावलेली.’